विस्मरणरसाचा रांजण

एका राज्यात, जिथे झाडांना वाचा होती आणि पाहुणा दिसताच डोंगर उठून वाट देत, तिथे धवलसेन नावाचा राजा होता. त्याची राणी अकाली वारली आणि राजाने अन्नपाणी टाकले. तेव्हा एक मांत्रिक दरबारी आला. त्याने सिंहासनापुढे एक रांजण ठेवला.

"महाराज, यात विस्मरणरस आहे. घोटभर घ्या, दुःख सरेल."

राजाने घोट घेतला. दुःख सरले. दुसऱ्या दिवशी दोन घोट लागले. महिन्याने घागर पुरेना. प्रजेनेही ओंजळी पुढे केल्या, कारण दुःख कोणाच्या घरी नसते? नांगर शेतात गंजले, माग थांबले, पहारेकरी वेशीतच लवंडले.

एके सकाळी आठ वर्षांची राजकन्या केतकी समोर आली. राजाने विचारले, "मुली, तू कोणाची?"

"बाबा, मी तुमचीच," ती म्हणाली. रडली नाही. तिला सवय झाली होती.

ते न रडणे राजाच्या जिव्हारी लागले. त्याने तलवार उपसून रांजण फोडला. तर एकेका खापरीचा नवा रांजण झाला!

खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. म्हणाला, "राजा, हा शाप तलवारीने तुटायचा नाही. तीन कामे कर. रांजणापुढे तीन दिवस कोरडा बस. मग अनवाणी नगर फीर. तिसरे काम तुझे तुलाच उमगेल."

राजा बसला. अंग थरथरले, दातखीळ बसली. रांजण गोड आवाजात हाका मारी. दोनदा राजाचा हात पुढे गेला. दोन्ही वेळा राजवैद्याने तो धरून ठेवला.

चौथ्या दिवशी तो नगरात निघाला. एका घरी आठवडाभर चूल पेटली नव्हती. उंबऱ्यावरची म्हातारी म्हणाली, "महाराज, आधी तुम्ही प्यालात. मग माझा लेक प्याला. काल तो गेला."

राजाची मान खाली गेली. तिचे सांत्वन करावे, तर आपले दुःखच त्याला आठवेना. तेव्हा तिसरे काम त्याला उमगले.

महाली येऊन तो केतकीपुढे गुडघ्यांवर बसला. "पोरी, तुझ्या आईचे नाव मी विसरलो. सांगशील?"

"वनमाला."

"वनमाला," राजा मोठ्याने म्हणाला, आणि अडवलेले सारे दुःख एकदम कोसळले. तो हमसून हमसून रडला. त्याच क्षणी राज्यातला रांजणन् रांजण तडकला, रस मातीत मुरला, आणि मांत्रिकाची राख होऊन ती वाऱ्यावर उडाली.

नांगर चालले, माग खडखडले. पण तहान एका दिवसात जात नाही. महालाचा एक चौक राजाने थरथरणाऱ्या माणसांसाठी खुला केला. रोज तो त्यांचे हात धरून बसे.

एकदा केतकीने विचारले, "बाबा, तुमची तहान गेली का हो?"

"नाही, बाळ," राजा म्हणाला. "पण आजचा दिवस गेला."