वळून पाहणारी नागूबाय

फार फार वर्षांपूर्वी, होड्यांना शिडं होती आणि माणसांना सवड होती त्या काळात, एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून गुपचूप ऐकणाऱ्या आजी-आजोबांनो, गाव मोठं गुण्यागोविंदाचं. खोड एकच होती, ती पुढे येईलच.

त्या गावात नागूबाय राहायची. नवरा गेलेला, पदरात दोन लेकी. ओहोटी लागली की कातळामागच्या उथळ पुळणीवर जायचं, ओल्या वाळूत बोटं खुपसून तिसऱ्या वेचायच्या आणि शिंपल्यांची ती टोपली बाजारात विकून घर चालवायचं, हा तिचा रोजचा धंदा.

नागूबायचं मन लोण्यासारखं, पण मान काही केल्या जागेवर राहायची नाही. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कुणाची सून रुसली, कुणाच्या पाहुण्याने किती भाकऱ्या हाणल्या, हे तिला त्या घरच्या माणसांआधी कळायचं. लोक हसायचे. पण खरं सांगू? असं एक माणूस शेजारात असावं. आपण बाहेर असताना दूध उतू गेलं तर धावणार कोण?

एका वर्षी मात्र तिसऱ्या मरू लागल्या. वाळू उकरावी तर शिंपले आ वासून पडलेले, आत घाण वास. पाण्यावर तांबूस साय धरलेली. नागूबायची टोपली अर्धीसुद्धा भरेना. असंच चाललं तर लेकींना काय घालायचं, या काळजीने तिची झोप उडाली.

"हे कुणाचं तरी काम आहे," ती म्हणाली आणि पदर खोचून चौकशीला निघाली. चौकशी हा तर तिचा हातखंडा.

पहिलं घर शेजारच्या रंगारणीचं. जाळी टिकावीत म्हणून ती ऐनाची साल उकळून त्या काढ्यात गावाची जाळी रंगवायची.

"काय गो, उरलेला काढा कुठे ओततेस?"

"खाडीत. आणि कुठे?"

"तरीच माझ्या तिसऱ्या मेल्या!"

"अगो, मी ओहोटीला ओतते! समुद्र घेऊन जातो सगळं. आणि तुझी मासळीची घाण कुठे जाते गो, देवघरात?"

"माझी असून असून टोपलीभर," नागूबाय फणकारली. "तीसुद्धा ओहोटीलाच टाकते मी."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. कुणी गोठ्याचं शेण, कुणी चुलीची राख, कुणी माशांची आतडी. सगळे म्हणायचे, माझं थोडंसंच, आणि तेही ओहोटीला.

आता गावाची ती खोड सांगते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि पाठ फिरवून घरी यायचं, वळून पाहायचं नाही, असा तिथला रिवाज. समुद्राला दिलं ते दिलं. जो वळून पाहील त्याच्या पायी गावाच्या होड्या रिकाम्या येतील, असं म्हातारा तांडेलबाबा दर वर्षी बजावायचा. होड्यांचा तो म्होरक्या, त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. होता होता नारळाचा हा नेम लोकांनी कचऱ्यालाही लावला. टाकलं की पाठ फिरवली.

पौर्णिमा आली. दुपारी भरती सरून पाणी उतरू लागलं तसा सगळा गाव काठावर जमला. प्रत्येक घराच्या नारळाची खूण वेगळी. कुणाला हळदीचा पट्टा, रंगारणीचा काढ्यात बुडवून तांबडा केलेला, तांडेलबाबाच्या नारळाला जरीचा गोंडा. सगळ्यांनी नारळ सोडले, हात जोडले आणि पाठी फिरवल्या.

नागूबाय सगळ्यांच्या मागे होती. इतकी वर्षं तिने दातात पदर धरून मान आवरली होती. पण आज तिने मनातली गोष्ट मागितली होती. बा सागरा, माझ्या तिसऱ्या वाचव. त्याने नारळ घेतला की नाही, हे कळल्याशिवाय पाय कसा उचलावा?

तिने वळून पाहिलं.

नारळ मोठ्या दिमाखात समुद्राकडे निघाले होते. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. तिथे पाणी गर्रकन वळलं, नारळही वळले आणि रांगेने कातळामागे शिरले. नागूबाय काठाकाठाने धावली. पाणी ओसरलं तेव्हा पाहते तो काय, तिच्या पुळणीवर गावभरचे नारळ! आणि नारळांच्या आजूबाजूला सालीचा लगदा, माशांची डोकी, शेण. मधोमध तिचीच फुटकी टोपली, तिच्याच हातची तांबड्या दोऱ्याची शिवण असलेली, कुजक्या मासळीसकट.

नागूबायला पेच पडला. सांगावं तर रिवाज मोडल्याबद्दल गाव वाळीत टाकणार. गप्प बसावं तर तिसऱ्या जाणार.

संध्याकाळी तांडेलबाबाच्या अंगणात नारळीभाताच्या पंगती बसल्या होत्या. नागूबाय मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी वळून पाहिलं."

हातातले घास हातातच राहिले. "बुडवलंस गो गावाला!" कुणीतरी ओरडलं.

"बुडालोय आधीच. आपण टाकतो ते समुद्र नेत नाही. सगळं माझ्या पुळणीवर येऊन पडतं. माझी टोपलीसुद्धा तिथेच आहे."

"ही बया काहीही रचून सांगेल," एक जण म्हणाला.

तशी रंगारीण उठली. "रचायचं असतं तर माझं नाव घेतलं असतं तिने. स्वतःची टोपली कशाला सांगेल? चला, जाऊन बघू या."

उष्ट्या हातांनी सगळे निघाले. पुळणीवर पाय ठेवताच नाकाला पदर लागले. तांडेलबाबाचा नारळ आतड्यांच्या ढिगात रुतला होता आणि त्याच्या जरीच्या गोंड्यावर एक खेकडा ऐटीत बसला होता. बाबाने वाकून त्या खेकड्याकडे पाहिलं. मग पोट धरून हसला.

"सागराने आपलं काही घेतलंच नाही रे! आपण मात्र दिल्याचं पुण्य घेऊन दर वर्षी घरी जात होतो."

"पण बाबा, रिवाज मोडला त्याचं काय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मोडला म्हणून कळलं. उद्यापासून टाकायच्या आधी सगळ्यांनी इथे यायचं आणि बघायचं."

दुसऱ्या दिवशी गाव कुदळी घेऊन पुळण साफ करायला उतरलं. रंगारणीने काठापासून लांब खड्डा खणून त्यात वाळू आणि राख भरली, काढा तिथे जिरू लागला. मासळीची घाण माडांच्या बुडाशी पुरली जाऊ लागली, शेण परसात जाऊ लागलं. सवय काही एका दिवसात सुटत नाही म्हणा. एकदा एक काका धोतराच्या सोग्याखाली टोपली झाकून खाडीकडे चालले होते.

"काका, नैवेद्य कुणाला?" नागूबायने काठावरून हाक मारली.

काका कोपऱ्यावरूनच परत फिरले.

"या बाईच्या मानेने आजवर आपल्याला छळलं," तांडेलबाबा म्हणाला. "आता ती खाडीच्या कामाला लागली, बरं झालं."

पाण्यावरची साय गेली. वर्षभराने वाळूत बोट घातलं की घट्ट मिटलेल्या, जड तिसऱ्या हाताला लागू लागल्या. माडही असे लगडले की पौर्णिमेला नारळ शोधावा लागेना. आता ते नारळ होडीने वाळूच्या दांड्यापलीकडे नेऊन सोडतात, आणि सोडल्यावर लहानथोर सगळे वळून बघतात, अगदी दिसेनासे होईपर्यंत. होड्या काही रिकाम्या येत नाहीत, आणि नागूबायची टोपली डोक्यावर चढवायला दोन्ही लेकींना हात लावावा लागतो.

तात्पर्य: पाण्यात टाकलं ते गेलं असं समजू नये, ते कुठे पोहोचलं, हे टाकणाऱ्यानेच वळून पाहावं.