सातव्या पॉइंटचा कोड

“काम कुणाच्या सांगण्यावरून थांबवलंत, मास्तर?”

जीपमधून उतरता उतरताच अमोघ परचुरेने विचारलं. दुसरा पाय अजून गाडीतच होता.

रखमाजी मास्तर घाटमाथ्यावरच्या वाघजाईच्या देवळात, ओसरीवर बसले होते. समोर मोजणीचं यंत्र पेटीत बंद. शेजारी दोराचं वेटोळं.

“माझ्या,” मास्तर म्हणाले.

मी खांबाला टेकून वही चाळत होतो. मोजणीच्या टोळीत वही लिहायचं काम माझं. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते सगळं माझ्यादेखत झालं, आणि त्यातलं बरंचसं मला बघवत नव्हतं.

अमोघ आम्हाला नवा नव्हता. कॉलेजात असताना एक उन्हाळा तो मास्तरांकडे मोजणी शिकायला राहिला होता. पहिले तीन दिवस मास्तरांनी त्याला नुसतं यंत्राचं स्टँड रोवायला आणि उपटायला लावलं होतं. पोरगा चिडला, रुसला, पण शिकला. तेव्हा मास्तर त्याला “अरे अमोघ” म्हणायचे.

आता तो पुण्याच्या ऑफिसात रस्त्यांचे नकाशे करत होता. ऑफिसने नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. आम्ही रानात मोजलेला प्रत्येक पॉइंट त्यात टाकायचा, तो पॉइंट कशाचा आहे त्याचा कोड द्यायचा, की ते आपोआप रेघ ओढायचं. कोडांची यादी अमोघनेच केली होती. आमचे जुने कोड घेऊन त्यांचे नवे, तीन अक्षरी, इंग्रजी कोड. यादी चांगली होती. मीच म्हणालो होतो तसं.

पहिल्या आठवड्याची मोजणी त्यात गेली आणि सगळा विचका झाला. दरीकडची कड आणि डोंगराकडची कड अशा दोन सरळ रेघा यायच्या, त्याऐवजी स्क्रीनवर बुटाच्या नाडीसारखी एकच रेघ आली, या कडेवरून त्या कडेवर उड्या मारणारी. सॉफ्टवेअर सारख्या कोडाचे पॉइंट घेतल्या क्रमाने जोडतं, आणि आम्ही दोन्ही कडा आलटून पालटून घ्यायचो. मग ऑफिसचं पत्र आलं. एका कडेचे सगळे पॉइंट सलग कडेकडेने चालत घ्यावेत, मगच दुसरी कड. शनिवारपर्यंत नीट मोजणी आली नाही तर टोळी बदलू.

पत्र अमोघच्या सहीचं होतं.

“मास्तर, आज गुरुवार आहे,” अमोघ म्हणाला. “माझ्या यादीप्रमाणे चालायला तुमच्या माणसांना अडचण काय आहे?”

मास्तरांनी बुधाजीकडे पाहिलं. बुधाजी खाकर पायरीवर बसून होता. आमचा पोल धरणारा, पन्नाशीचा, याच डोंगरातला ठाकर. यंत्राने नेम धरायचा आरसा, म्हणजे प्रिझम, लावलेला पोल घेऊन जिथे उभं राहायचं, तिथे वीस वर्षं तोच उभा राहत आला होता. त्याने उजव्या हाताची कोपरापर्यंत सोललेली बाजू पंच्याखाली झाकली.

“साहेब, बुधाजी सकाळी दोर सोडून कडेने पुढे गेला,” मास्तर म्हणाले.

“साहेब” ऐकून अमोघचा चेहरा जरासा आक्रसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“दोर का सोडला?”

“आडवा पुरत नाही.”

इथे थोडं सांगायला हवं. त्या घाटात रस्ता अजून व्हायचा होता. होती ती पायवाट, आणि तिच्या खाली गवत, सुटे धोंडे, मग दरी. आमची रीत अशी, की वरच्या झाडाला दोर बांधायचा, बुधाजीने सरळ खाली कडेपर्यंत जायचं, पॉइंट द्यायचा, सरळ वर यायचं, डोंगराकडचा पॉइंट द्यायचा. मग दोर पुढच्या झाडाला. पाय सुटला तरी दोर झाडाखालीच धरतो. कडेकडेने आडवं चालत गेलं की झाड मागे राहतं.

अमोघ म्हणाला, मग लांब दोर घ्या.

“लांब दोर घेतला तर माणूस तेवढाच खाली जातो,” मास्तर म्हणाले.

अमोघला ते पटलं नाही. त्याने माझ्या हातातली वही घेतली आणि उभ्या उभ्या पानं उलटली. जुन्या पानांवर शेवटच्या रकान्यात प्रत्येक पॉइंटपुढे नाव होतं. बुधाजी. बुधाजी. बुधाजी. मधेच कुठे लक्ष्मण. आजच्या पानावर तो रकाना कोरा होता. ऑफिसने तो लिहू नका म्हणून कळवलं होतं, आणि मीही शहाणा, लगेच सोडून दिला होता.

“हे एक बरं केलंत,” तो म्हणाला. “पोल कुणी धरला याच्याशी सॉफ्टवेअरला काय करायचंय?”

मास्तरांनी वही त्याच्या हातातून घेऊन मला परत दिली.

“मास्तर, मी तुमच्याकडेच शिकलोय. तुमचा अनादर करत नाही. पण काळ बदलला. रेघ हवी तर सलग चालायला हवं. जरा जपून चाललं तर काही होत नाही.”

...

मास्तर उठले. पेटी उघडली. यंत्र बाहेर काढलं. मग कोपऱ्यातला पोल घेतला आणि अमोघच्या हातात दिला.

“चला,” ते म्हणाले. “जपून.”

बुधाजी चटकन उठला. साहेबाला नको, मीच जातो, असं तो पुटपुटला. मास्तरांनी मान हलवली नाही की नजर वळवली नाही. अमोघचे कान लाल झाले होते. त्याने पोल घट्ट धरला आणि पुढे चालू लागला. गर्विष्ठ होता, पण भित्रा नव्हता, हे मला म्हणायलाच हवं.

पायवाटेच्या वर ऐनाचं झाड होतं. बुधाजीने त्याला दोर बांधला, दुसरं टोक अमोघच्या कमरेला. गाठ त्याने दोनदा ओढून पाहिली. मग दोर आपल्या हातात घेऊन तो झाडाला पाठ लावून बसला. मास्तरांनी पन्नास पावलांवर यंत्र लावलं. मी त्यांच्याशेजारी वही घेऊन उभा राहिलो.

अमोघ सरळ खाली उतरला. कडेवर पोल टेकवला आणि वॉकीटॉकीवर कोड सांगितला. यंत्राने पीप केलं.

दुसरा पॉइंट तीन पावलांवर. कोड. पीप. तिसरा. चौथा.

त्याचा आवाज खणखणीत होता. चौथ्यानंतर त्याने वळून आमच्याकडे पाहिलंसुद्धा, बघा, असं. पाचव्याला दोर तिरका झाला. सहाव्याला त्याने कोड सांगितला, पण जरा हळू. वारा दरीतून वर येत होता आणि गवत सारखं आडवं होत होतं.

सातव्याला दोर ताठ झाला.

त्याच्या पायाखालून एक धोंडा निसटला. आम्ही सगळे आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज खूप वेळाने आला.

“मास्तर,” वॉकीटॉकीवर त्याचा आवाज. “दोर संपला.”

“हो.”

“आठवा पॉइंट समोरच्या सुळक्याशी आहे. तिथं कड वळते. तो घेतला नाही तर रेघ चुकते.”

“हो.”

“मग काय करू?”

मास्तरांनी डोळा यंत्राला लावला होता. तो काढला नाही.

“सकाळी बुधाजी तिथंच उभा होता. त्याने मला विचारलं नाही. तुमचं पत्र त्याने ऐकलं होतं.”

...

अमोघ उभा होता. एका हातात पोल. दुसरा हात हळूहळू कमरेकडे गेला आणि गाठीवर थांबला.

वर बुधाजीने दोर मनगटाला एक वेढा जास्त दिला. सोललेल्या हाताने. त्याचे ओठ हलत होते.

मास्तर, थांबवा त्याला, असं मी म्हणालो. मास्तरांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. शिकवायचं म्हणून कुणाला असं कड्यावर उभं करतात का? पण त्यांनी यंत्राच्या स्टँडचा पाय मुठीत आवळून धरलेला मला दिसला. लावलेल्या यंत्राला धरायचं नाही, हे आम्हाला शिकवलं ते त्यांनीच.

“कोड सांगा, साहेब,” मास्तर म्हणाले.

मास्तरांनी बटणावर बोट ठेवलं.

“सातव्याचा कोड.”

...

मास्तरांनी बटण दाबलं. यंत्राने कोडाविनाच पॉइंट घेतला.

मग अमोघचा हात गाठीवरून निघाला.

“मास्तर, मला पुढे जाता येत नाही.”

त्यावर मास्तरांच्या आधी बुधाजीच बोलला, वॉकीटॉकीशिवाय, नुसत्या घशाने. “मागं फिरू नगा सायेब. पोल टेका. माज्याकडं तोंड करा आन् दोराच्या वाटंनं वर या. खाली बघू नगा.”

तो दोराच्या वाटेने वर आला. झाडापासून चार हातांवर येऊन तो बसलाच. बुधाजीने त्याला काखेत धरून झाडाशी आणला आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं.

अमोघची नजर बुधाजीच्या हातावर गेली. पंचा घसरला होता.

“सकाळी?” त्याने विचारलं.

“करवंदीची जाळी व्हती म्हून,” बुधाजी म्हणाला. “न्हाईतर काय खरं नव्हतं.”

अमोघने तोंड फिरवलं. डोळे पुसले ते आम्हाला दिसू नयेत म्हणून, पण दिसले.

ओसरीवर परत आल्यावर त्याने पुन्हा माझी वही मागितली. या वेळी बसून, सावकाश वाचली. जुन्या पानांवर बोट फिरवत. क१, क२. क१, क२.

“हे एक आणि दोन काय आहे?” त्याने विचारलं. “यादी करताना मला वाटलं, उगाच लावलेत. मी सगळे आकडे काढून टाकले.”

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर यंत्र पुसत होते. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्या बुधाजीनेच उत्तर दिलं.

“एक म्हंजी दरीकडली कड. दोन म्हंजी डोंगराकडली. चालायचं कसं बी. आकडा सांगाया चुकायचं न्हाई.”

अमोघने वही मांडीवर ठेवली.

“त्या सॉफ्टवेअरला कोडापुढे आकडा चालतो,” तो अगदी हळू म्हणाला. “आकड्यावरूनच ते कळतं, कुठला पॉइंट कुठल्या रेघेचा. मीच काढले होते ते.”

कुणी त्याला दोष दिला नाही. ते त्याला जास्त लागलं असावं.

त्याने लॅपटॉप उघडला. ओसरीवर मांडी घालून बसला आणि यादीत एकेका कोडाला त्याचा आकडा परत लावला. मागच्या आठवड्यातही वहीत मी जुने कोड आकड्यांसकटच लिहिले होते, ते मी वाचून दाखवत होतो. मागच्या आठवड्याची सगळी मोजणी, आलटून पालटून, आमच्या रीतीने घेतलेली, त्याने पुन्हा आत टाकली. घटकाभर काही झालं नाही. मग स्क्रीनवर दोन रेघा आल्या. दरीकडची वेगळी, डोंगराकडची वेगळी. कुठे एक उडी नाही.

बुधाजी वाकून बघत होता. आपली वाट ओळखून तो हसला.

अमोघने ऑफिसला फोन लावला. पत्र मागे घेतो म्हणाला, चूक माझ्या यादीत होती, मोजणीत नव्हती, टोळी हीच राहील आणि दोराविना कडेला कुणी जाणार नाही. पलीकडून काही प्रश्न आले. त्याने तेच वाक्य पुन्हा सांगितलं आणि फोन ठेवला.

शेवटी त्याने आजचे पॉइंट टाकले. ते सगळे गेले. एकच अडलं. आधीच्या सहा जागांसारखे सातव्या जागीही दोन पॉइंट होते, जवळजवळ एकावर एक. सकाळचा बुधाजीचा आणि दुपारचा. दुपारच्याला कोड नव्हता. सॉफ्टवेअरने त्यावर लाल खूण करून ठेवली होती आणि कोड भरल्याशिवाय ते पुढे जाईना.

अमोघने यादी उघडली. वरून खाली, खालून वर. बोट कुठेच थांबेना.

“मास्तर,” त्याने विचारलं, “सातव्याला काय कोड देऊ?”

मास्तरांनी पेटीला कुलूप लावलं. माझ्या हातातली वही आणि पेन घेतलं, आजचं पान उघडलं आणि लॅपटॉपवर ठेवून दिलं. शेवटचा रकाना कोराच होता.

“कोड नंतर. तिथं कोण उभं होतं, ते आधी लिही.”