मानेवरचं ‘काही नाही’

“घालमेल म्हणजे काय आणि ती येते कुठून? उद्या दाढीच्या वेळी आम्हाला दाखव. नाहीतर तुझ्याच वस्तऱ्यानं तुझं अर्धं डोकं भादरून गाढवावर बसवतो!”

असं राजे भुजंगराव मला म्हणाले. मी म्हाळू, त्यांचा न्हावी. दोष माझ्याच जिभेचा. दाढी करता करता बोलून गेलो, “आज जिवाची नुसती घालमेल होतेय, सरकार.” राजांना जन्मात भूक आणि झोप सोडून दुसरं काही झालंच नव्हतं. पंडितांनी त्या शब्दाचं पार मूळ खणून काढलं, तर राजे जांभई देऊन म्हणाले, “आम्हाला तरी काही होत नाहीये.”

आता माझं शौर्य ऐका. एक मांजर आडवं गेलं तर मी रस्ता बदलतो, दोन गेली तर गाव. रात्रभर स्वतःचं डोकं चाचपत बसलो.

सकाळी गेलो तर गाढव दारात हजर. मुकाट्यानं राजांची मान साफ करायला घेतली आणि मध्येच थांबलो.

“अरे देवा!”

“काय झालं रे?”

“काही नाही, सरकार.” मी वस्तरा-कात्री धोकटीत भरली.

“मग देवाला का हाक मारलीस?”

“सहज.”

मुजरा करून घर गाठलं. राजांना गाढव आठवलंही नाही. त्यांनी राणीसाहेबांना मान दाखवली. त्या म्हणाल्या, “अहो, काही नाहीये.” राजांना वाटलं, ही आपल्याला धीर देतेय. वैद्यबुवाही म्हणाले, काही नाही. मग तर राजांचं अवसानच गळालं. जेवणाचं ताट तसंच परत गेलं, दुपारची झोप उडाली.

तिन्हीसांजेला मला बोलावणं आलं.

“म्हाळू, खरं सांग. आमचे किती दिवस उरलेत? मानेवर काय होतं?”

“काहीच नव्हतं, सरकार. सकाळपासून आपल्याला जे होतंय ना, तीच घालमेल. आणि ती येते कुठून म्हणाल, तर जे आपलं आपल्याला दिसत नाही, तिथून.”

राजे पोट धरधरून हसले. हसता हसता मानेवरून एकदा हात फिरवलाच. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मला दिलं.

घरी येऊन बायकोला, येसूला, सगळं रंगवून सांगितलं. तिनं कडं आपल्या हातात चढवलं, माझ्या पाठीमागे आली आणि म्हणाली, “अगंबाई!”

“काय झालं गं?”

“काही नाही. जेवायला बसा.”

ताट अजून तसंच आहे.