राजाच्या बोटाखालचं बटण

उदाजीराजे सकाळपासून बोलत होते, आणि त्यामुळे वरच्या वाडीतली कडब्याची गंजी जळून खाक झाली.

या दोन गोष्टींचा संबंध असा. राजांच्या मालकीच्या गरुडमाथ्यावर हौशी रेडिओ मंडळानं नुकताच रिपीटर उभा केला होता. रिपीटर म्हणजे डोंगरावर बसवलेला निरोप्या. खालून आलेला बारीक आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी दणदणीत करून पलीकडे पोचवायचा. डोंगरामागच्या वरच्या वाडीला आता अलीकडच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारता येणार होती. मंडळींनी खांब, अँटेना, बॅटऱ्या गाढवांच्या पाठीवरून वर नेल्या. वीज पडली तर जमिनीत जावी म्हणून पट्टी पुरली. तांबटाच्या चिमानं तांब्याचे उंच डबे ठोकून दिले, कारण ते नसले तर यंत्र स्वतःच्याच आवाजानं बहिरं होतं. सगळं झकास जमलं. चूक एकच झाली. डोंगर राजांचा, म्हणून पहिला वॉकीटॉकी मानानं राजांच्या हाती दिला!

रिपीटरवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. त्याचं बोट बटणावर आहे तोवर बाकीच्यांना वाट नाही. आणि राजांचं बोट काही केल्या उठेना. आधी घोड्याच्या पोटदुखीची हकिगत झाली. मग तरुणपणी मारलेलं रानडुक्कर आलं. मग तेच डुक्कर पुन्हा आलं, या खेपेला जरा मोठं होऊन. तिकडे वाडीवाले आग लागली म्हणून ओरडत होते आणि ते कुणालाच ऐकू जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे प्रमुख अनंतमास्तर चिमाला घेऊन दरबारात गेले.

"महाराज, बोलताना अधूनमधून जरा थांबलात, तर..."

"आम्ही थांबायचं?" राजांच्या भुवया चढल्या. "मास्तर, आमची अट ऐका. आमचं बोलणं कुणी तोडायचं नाही. आम्हाला थांबा म्हणायचं नाही. तुमच्या यंत्रानंही आमचा आवाज बंद करायचा नाही. पण गरजूची हाक अडलेलीही आम्हाला चालणार नाही, त्या गंजीपायी लोक आम्हाला नावं ठेवताहेत. पौर्णिमेपर्यंत जमवा. नाही जमलं, तर तुमचा खांब दरीत!"

मास्तरांचा चेहरा उतरला. "महाराज, यंत्राला तोंड एकच आहे हो."

"मग दुसरं बसवा."

"दुसरं कशाला, महाराज?" चिमा म्हणाली. "आहे तेवढ्यात भागेल. फक्त एक विचारू का? आपण इतकं रंगवून सांगता, त्यावर लोक वाहवा करतात, ती आपल्याला ऐकू येते ना?"

राजे सावरून बसले. "वाहवा करतात?"

"बटण दाबलेलं असलं की पलीकडचं ऐकू येत नाही, महाराज. सोडलं की येतं."

बाहेर पडताच मास्तरांनी तिला गाठलं. "अगं चिमे, कोण करतंय वाहवा?"

"उद्यापासून करतील."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं कशाला, मास्तर? डुक्कर दर खेपेला वाढतंय. त्याला वाहवा नाही तर काय म्हणणार?"

चिमानं गावोगावच्या रेडिओवाल्यांना पाळ्या लावून दिल्या आणि एकच नियम घातला. राजांनी बटण सोडलं की आधी गरजूनं बोलायचं. कुणीच बोललं नाही, तर ज्याची पाळी असेल त्यानं वाहवा करायची.

दुसऱ्या सकाळी डुक्कर झुडपातून बाहेर पडलं आणि राजांनी भीतभीतच बटण सोडलं.

"वाहवा, महाराज! मग पुढं काय झालं?"

राजांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुपारपर्यंत ते दर गोष्टीनंतर बटण सोडू लागले. आठवडा सरला तेव्हा दर दोन वाक्यांनी. पौर्णिमेला तर डुकरानं नुसते कान टवकारले, की राजे बोट उचलून कान देऊन बसत.

त्याच पौर्णिमेच्या दुपारी त्यांनी असंच बोट उचललं, आणि वाहवाऐवजी कापरा आवाज आला.

"वरच्या वाडीवरून केरबा बोलतोय. माझ्या बायकोच्या पायाला नाग चावलाय. डॉक्टरीणबाई, ऐकताय का?"

"ऐकतेय. सुई घेऊन निघाले. तिला झोपवून ठेवा, पाय अजिबात हलवू देऊ नका."

राजांनी बोट बटणाशी नेलं आणि मागं घेतलं. दिवेलागणीला "शुद्धीत आहे, धोका टळला" असा निरोप आला, तोवर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. केरबाची बायको वाचल्याचं ऐकून त्यांना मनापासून बरं वाटलं. मग त्यांना आपली अट आठवली.

त्यांनी चिमाला आणि मास्तरांना बोलावणं धाडलं.

"आमचं बोलणं तुटलं," राजे गरजले. "डुक्कर अर्ध्यावर राहिलं! खांब दरीत!"

मास्तर हात जोडून गयावया करू लागले. चिमा मात्र शांतपणे पुढं आली.

"कुणी तोडलं, महाराज? थांबा म्हणालं का कुणी?"

"नाही."

"यंत्र बंद पडलं?"

"नाही."

"मग बटण कुणाच्या बोटाखाली होतं?"

"आमच्या. पण आम्ही ते सोडलं ते वाहवा..." राजे मध्येच थांबले. त्यांनी चिमाकडे रोखून पाहिलं. "वाहवा ऐकायला सोडलं."

"वाहवा आली होती, महाराज. रांगेत उभी होती. केरबा तिच्या पुढं होता, एवढंच."

 राजांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते असे खो खो हसत सुटले की पागोटं मांडीवर पडलं.

"लबाड पोरी! म्हणजे इतके दिवस आमचं तोंड तू बंद करत होतीस?"

"छे, महाराज. मी आपले कान उघडत होते."

राजांनी तिथल्या तिथे गरुडमाथा रेडिओ मंडळाला कायमचा देऊन टाकला आणि चिमाच्या हातात सोन्याच्या पाटल्या घातल्या. मग इकडेतिकडे पाहत हळूच विचारलं, "पण काय गं, उद्यापासून वाहवा बंद का?"

"बंद कशाला, महाराज? आपण बटण सोडत जा. वाहवा येत जाईल."