कागदी डोंगराचा बोगदा

खेळण्यातल्या गावांनाही बोलता यायचं, तेव्हाची ही गोष्ट. काही हौशी मंडळी घरी अशा गावाचा आपापला तुकडा बनवत आणि रविवारी सगळे तुकडे जोडून त्यावर छोटी आगगाडी पळवत. एकदा वसुधाताईंनी कागदाच्या लगद्याचा डोंगर आणला. त्याच्यावरचं रंगवलेल्या भुशाचं हिरवंगार गवत बघून सगळे "वा!" म्हणाले. डोंगर फुगला.

गाडी आली आणि बोगद्याच्या तोंडाशीच अडकली. इंजिनाचं धुराडं वर कमानीला टेकत होतं. वसुधाताईंनी माप घेतलं होतं ते फक्त डब्यांचं! त्यांचा चेहरा पडला.

"मला सुरी लावाल तर याद राखा!" डोंगर गुरगुरला.

"नको, दादा," इंजिन हळूच म्हणालं. "माझंच धुराडं काढू देत. तुमच्यात ताईंनी फार जीव ओतलाय."

डोंगर ओशाळला. धुराड्यावाचून ते इंजिन कसलं? त्याने अंग सैल सोडलं, तसा कमानीवरचा एक तुकडा आपणहून गळून पडला.

गाडी धडधडत आरपार गेली. टाळ्या वाजल्या. डोंगराच्या पोटात मात्र अजून चाकांच्या गुदगुल्या होत होत्या.

"पुन्हा ये रे बाबा," तो म्हणाला. "तू येईपर्यंत मी नुसता कागदाचा ढीग होतो."