निळोणवरचं झाकण

आटपाट वगैरे काही नाही, चांगलं वाकडंतिकडं एक गाव होतं. नाव निळोण. चहूबाजूंनी डोंगर, मधून शेवरी नदी आणि खोल वाडग्याच्या तळाशी बसावं तसं ते गाव. गावात चुरमुऱ्यांच्या वीस भट्ट्या होत्या आणि एक जुनी खोडही होती. "ज्याचा धूर आधी, त्याची बरकत आधी," म्हणत सगळे तांबडं फुटताच भट्ट्या पेटवायचे. उन्हाळ्यात नदीवरचा वारा धूर उडवून न्यायचा, पावसाळ्यात सरी तो धुऊन टाकायच्या. पण पौषाची थंडी पडली की धूर मेला हलायचं नाव घेत नसे!

त्या गावात बकुळा नावाची आठ वर्षांची पोर होती. बाप नव्हता, आई दगडूशेटच्या भट्टीवर राबायची. अंगात ठिगळांचा झगा, पण स्वतःच्या वाटणीच्या भाकरीतला घास मांजराला दिल्याशिवाय ही जेवायची नाही. आणि तिचा सगळा जीव धाकट्या गोपूत. त्या सकाळी गोपूची इवलीशी छाती सूं सूं वाजत होती. ओठ निळसर पडले होते.

"बकुळे, डोंगरावरनं अडुळसा आण गं," आई कापऱ्या आवाजात म्हणाली. "पळ! पोराला श्वास पुरेना."

बकुळा धावत सुटली. डोळे चुरचुरत होते, हातभर पुढचं दिसत नव्हतं. चढली, घसरली, पुन्हा चढली, आणि अगंबाई! एकदम डोकं धुराच्या वर निघालं. वर निळंशार आभाळ, कोवळं सोनेरी ऊन, आणि लालबुंद फुलांनी डवरलेली काटेसावर. खाली मात्र सपाट करडा धूर, गावावर झाकण ठेवल्यासारखा.

सावरीच्या एका फुलातून छुमछुम आवाज आला. बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे चिमुकले पंख केशरी, गुलाबी, मोरपंखी चमचमत होते.

"मी उन्हाची परी. रडू नकोस, सोनुले. रात्री डोंगरावरची गार हवा घरंगळत खाली येते आणि तळाशी बसते. वर उबदार हवेचं झाकण पडतं, मग धूर अडकतो. तुला तीन इच्छा देते. पण नियम आहेत हं. ऋतू बदलायचा नाही. धूर नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. कुणाच्या मनावर जबरदस्ती चालत नाही. आणि डोंगरावरून उतरत उतरत सकाळचं ऊन नदीला टेकलं की मी गेले."

परीने दवाचा एक थेंब पुढे धरला. त्यात गोपू दिसत होता. तो धापा टाकत होता.

"गावावरचा धूर काढ!" बकुळा ओरडली.

धूर सरसर उचलला गेला. थेंबात गोपूचे गाल गुलाबी झाले. बकुळा आनंदाने टाळ्या पिटणार, तोच नदीच्या खालच्या अंगाने खोकला ऐकू आला. सगळा धूर नावाड्याच्या वस्तीवर जाऊन बसला होता. थेंबात तिथलं एक तान्हं बाळ गुदमरताना दिसलं.

आपला गोपू बरा आणि ते बाळ? आसवं गळत होती, तरी बकुळा म्हणाली, "परत आण. आमचा धूर आमच्याकडे."

धूर परतला. गोपूचे ओठ पुन्हा निळे पडले. ऊन नदीपासून दोन हातांवर आलं होतं.

"एकच उरली," परी हळूच म्हणाली. "घाई कर, बाळ."

भट्ट्या विझव म्हणावं, तर मनावर जबरदस्ती. ऊन लवकर आण म्हणावं, तर ऋतू आडवा. काय मागू, काय मागू? आणि एकदम तिला सुचलं. "मला वरून जे दिसतं, ते खाली सगळ्यांना दिसू दे!"

परीने मूठभर रंग उधळले. करडं झाकण जांभळं, तांबडं, चकाकतं झालं. खाली लोक माना वर करून बघतच राहिले. प्रत्येक भट्टीचा धूर वर जाई, झाकणाला थडके आणि पुन्हा घराघरांत उतरे. दगडूशेट, ज्याचा धूर रोज पहिला, त्याला आपला धूर बकुळाच्या झोपडीत शिरताना दिसला. आतून गोपूची सूं सूं ऐकू येत होती.

"अरे देवा, हा धूर माझाच की!" दगडूशेटने कपाळावर हात मारला आणि घागरभर पाणी स्वतःच्या भट्टीत ओतलं. "विझवा रे! बघता काय?"

वीसच्या वीस भट्ट्या विझल्या. नवा धूर थांबला, तशी उन्हाची एक तिरीप आत शिरली. जमीन तापली, गार हवा हलली. झाकण फाटलं आणि धूर उंच आभाळात विरून गेला. ऊन नदीला टेकलं.

"शहाणी गं माझी पोर," परी हसली. तिने बकुळाच्या ओंजळीत अडुळशाची पानं ठेवली, आणि झगमग उजेडात ती दिसेनाशी झाली.

बकुळा धापा टाकत घरी पोचली. गोपू आईच्या मांडीवर बसला होता. ओठ गुलाबी. "ताई!" तो म्हणाला, आणि बकुळा मोठ्यांदा रडली.

तेव्हापासून थंडीत निळोणमध्ये कुणी घाईने भट्टी पेटवत नाही. ऊन नदीला टेकेपर्यंत सगळे थांबतात. मग टेकाडावरून कुणीतरी खणखणीत हाळी देतं, "ऊन आलं होऽऽ!" पार नावाड्याच्या वस्तीपर्यंत ऐकू जाते.

गोपूच तो. आता त्याला श्वास पुरून उरतो.