महाज्वाल मरता कामा नये

"पण बाई, तो मरणारच नाही अशी काही सोय करता येईल का?"

"कोण?"

"महाज्वाल."

शालिनीबाई केंजळे चकली चावून बघत होत्या. भाऊबीज होऊन गेली होती आणि चकल्या मऊ पडल्या होत्या. उरलेली अर्धी त्यांनी बशीत ठेवली.

"तो तुझा सरडा?"

"ड्रॅगन आहे तो, बाई."

"तेच ते."

ऋतुपर्ण शेंडे हा वाईतला सगळ्यात मोठा सूत्रधार. असं तो स्वतः सांगायचा. बाईंनी खेळ चालवणं सोडल्यापासून वाईत दुसरा सूत्रधारच नव्हता, त्यामुळे ते खोटंही म्हणता येत नव्हतं.

खेळ असा. टेबलाभोवती मित्र बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो राज्यं, राक्षस, जादूच्या वस्तू असं सगळं जग रचतो आणि गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. वीर म्हणतो, मी तलवार मारतो, आणि वीस बाजूंचा फासा टाकतो. आकडा मोठा आला तर वार बसतो, लहान आला तर फसतो. सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा एक पडदा उभा असतो. त्यामागे तो आपले फासे टाकतो आणि काय पडलं ते सांगतो. खरं सांगावं अशी अपेक्षा असते.

हा खेळ ऋतुपर्ण शाळेत असताना बाईंकडेच शिकला होता, याच अंगणात. तेव्हा फासे नव्हते, चिंचोके होते. पडदाही नव्हता.

"आज चार वाजता शेवटची लढाई आहे," तो म्हणाला. "माझ्या वीरांकडे, म्हणजे तौफिक आणि उर्मीकडे, वज्रधार आहे. महाज्वालला मारू शकणारी एकच तलवार."

"त्यांना कुणी दिली?"

"मीच."

"मग आता तक्रार कसली?"

"तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना ती सापडणारच नाही. उलट्या वाहणाऱ्या नदीच्या तळाशी ठेवली होती. मध्ये बोलक्या बेडकांची दलदल. बेडकांच्या राजानं वाट सोडायला तौफिकच्या वीराची सावली मागितली, तर त्या बावळटानं दिली काढून! तेव्हापासून तो वीर बिनसावलीचा फिरतोय."

बाईंनी मान डोलावली. बेडूक त्यांना आवडले असावेत.

"याआधी किती वेळा गाठला तुझ्या सरड्याला?"

"गाठला दोन-तीनदा..." ऋतुपर्णचा आवाज जरा खाली आला. "एकदा तो धुरात नाहीसा झाला. एकदा मेला, पण मेला तो त्याचा जुळा भाऊ निघाला."

"आणि मग?"

"मग ते सगळं स्वप्न निघालं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"उर्मी त्या दिवशी चहा न घेताच घरी गेली," तो म्हणाला.

हुशार माणूस सल्ला मागायला येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला सल्ला नको असतो, शिक्का हवा असतो. ऋतुपर्णनं उपाय शोधूनच आणला होता.

"मी ठरवलंय, वज्रधार उगारली की गंजते."

"गंजते?"

"जादूचा गंज आहे, बाई."

"हं... मांड तुझा खेळ. मी तौफिक."

त्यानं पिशवीतून पडदा काढून उभा केला. मिठाईच्या खोक्यातून, कापसात गुंडाळलेला, स्वतःच्या हातानं घडवलेला मातीचा महाज्वाल काढला. वीतभर लांब, हिरवा, एकेक खवला वेगळा रंगवलेला. तो मांडताना ऋतुपर्णचे हात इतके हळू झाले की बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

"मी वज्रधार मारते," बाई म्हणाल्या आणि फासा टाकला.

वीस. यापेक्षा मोठा आकडा फाशावर नसतो.

"तलवार गंजली," ऋतुपर्ण पडद्यामागून म्हणाला.

"बरं. मी दगड मारते." फासा पुन्हा घरंगळला. अठरा.

"दगडाचं... फुलपाखरू झालं."

"मी शिव्या देते."

"त्याला ऐकू येत नाही."

बाईंनी फासा उचलला, पडद्यावरून हात पलीकडे नेला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"मग हा माझ्याकडे कशाला? तूच टाक, तूच बघ, तूच टाळ्या वाजव."

ऋतुपर्णला राग आला. महाज्वाल म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे, त्याची वंशावळ सात पिढ्यांची आहे, त्याच्या डाव्या नखात एका बुडालेल्या शहराची किल्ली आहे आणि तिच्याबद्दल अजून कुणी विचारलंसुद्धा नाही, असं तो बरंच काही बोलला. बाईंनी ऐकून घेतलं. मग तो एकदम थांबला.

"तौफिक परवा जातोय," तो म्हणाला. "गुवाहाटीला. नोकरी लागली."

"मग?"

"मग काय... महाज्वाल मेला की गोष्ट संपली. गोष्ट संपली की कोण येतंय रविवारी? उर्मीला काय, तिला कामं असतात. तो जिवंत असेपर्यंत सगळे येतात, बाई. शिव्या घालत येतात, पण येतात."

"आणि नाही मेला, तर तौफिक गुवाहाटीला जायचा राहणार आहे?"

ऋतुपर्णच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते चकलीच्या तिखटामुळे आलं असं दाखवायला त्यानं चकली तोंडात घातली. मऊ चकली तिखटही लागत नव्हती.

बाई उठल्या.

"चल, किल्ला बघ."

अंगणाच्या कोपऱ्यात दिवाळीचा किल्ला होता. गल्लीतली पोरं आणि बाई मिळून दर दिवाळीला बांधायची. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखलाचं लिंपण, गेरूनं रंगवलेले बुरूज, उतारावर हळीव पेरून उगवलेली हिरवळ. दारात मातीचे दोन शिपाई, पायथ्याला गुहा आणि गुहेत मातीचा वाघ. यंदाचा किल्ला खरोखरच देखणा झाला होता.

"किती छान झालाय," ऋतुपर्ण म्हणाला. "हा ठेवा, बाई. मोडू नका."

भाऊबीज झाली की किल्ला उडवायचा, ही गल्लीची रीत होती. गुहेत सुतळी बॉम्ब ठेवायचा आणि लांब पळायचं. मोठे झालेले लोक किल्ल्यांची नावं विसरतात, पण कुठला किल्ला किती उंच उडाला ते विसरत नाहीत.

"एका वर्षी ठेवला होता," बाई म्हणाल्या. "असाच देखणा होता. मोडायचा जीव होईना. वरून प्लास्टिक घातलं, पावसाळाभर जपला. पुढच्या दिवाळीला पोरं आली अंगणात..."

"मग?"

"बघितलं, 'किल्ला आहेच की' म्हणाली आणि निघून गेली."

बाईंनी गुहेतला वाघ काढून कमरेला खोचला. कोनाड्यातून सुतळी बॉम्ब घेतला, गुहेत नीट बसवला, वात बाहेर ओढून ठेवली. शिपाई उचलले. मग ऋतुपर्णला काही कळायच्या आत टेबलावरचा महाज्वाल आणून त्यांनी गुहेच्या तोंडाशी ठेवला. आणि देवापुढची उदबत्ती हातात घेतली.

"बाई, काय करताय?"

"मरू नये म्हणतोस ना? उडू दे. धुरात नाहीसा झाला असं सांग. तुझ्या लोकांना सवय आहे."

"बाई, गंमत करू नका!"

बाईंनी वात पेटवली आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं तुळशीमागे गेल्या.

वात सुरसुरू लागली. ऋतुपर्णनं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा महाज्वालकडे, आणि मग तो धावला.

"असा नाही!" तो ओरडत होता. "असा नाही मरायचाय त्याला! तौफिकच्या हातून मरायचाय!"

त्यानं महाज्वाल उचलला, छातीशी धरला, दोन ढांगा टाकल्या...

धडाड!

धूर विरला तेव्हा ऋतुपर्ण अंगणाच्या मधोमध उकिडवा बसला होता. केसांत चिखल, कानात गेरू, खांद्यावर हळिवाची हिरवळ तशीच्या तशी. महाज्वाल धडधाकट होता. नाकाचा तेवढा टवका उडाला होता.

शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, दिवाळी संपली!"

"आत्ता संपली!" बाई तुळशीमागून ओरडल्या.

ऋतुपर्ण तसाच बसून होता. आपण काय बोललो ते त्याला जरा उशिरानं ऐकू आलं असावं.

"बाई..."

"हं?"

"मी काय म्हणालो आत्ता?"

अंगणभर माती पसरली होती. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, टेबलावरचा पुठ्ठ्याचा पडदा उचलला, मध्ये दुमडला आणि सुपलीसारखा धरून त्यात माती भरायला लागल्या.

"अहो, माझा पडदा आहे तो!"

"पुठ्ठा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "जा आता. आंघोळ कर, मग लढाईला जा."

दिवेलागणीला ऋतुपर्ण परत आला. कानात अजून थोडा गेरू होता.

बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी बशी पुढे सरकवली. चकल्याच होत्या.

"मेला?" त्यांनी विचारलं.

"मेला."

"कोणी मारला?"

"सांगतो ना. पहिलाच फासा तौफिकचा. एक पडला! वज्रधार हातातून सुटली ती त्याच्याच पायावर. मग मी टाकला, महाज्वालचा. वीस. पडदा नव्हता, सगळ्यांनी बघितला. उर्मी जळून खाक. म्हणजे खेळातली."

"चिडली?"

"खुर्चीवर उभी राहिली! म्हणाली, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुझ्या ड्रॅगनची भीती वाटली." त्यानं चकलीचा तुकडा मोडला. "बाई, तो जिंकायला आला होता. खरंच. मी मनात म्हणत होतो, अरे मर, मर रे बाबा. तौफिकच्या वीरात एका श्वासाची धुगधुगी उरली होती. तेवढ्यात त्यानं लंगडत तलवार उचलली आणि फासा टाकला... अठरा."

"मग?"

"मग मी सांगितलं, महाज्वालनं मान खाली ठेवली. एवढंच सांगता आलं. तौफिक रडला. मीही रडलो. उर्मी मेलेली होती तरी रडली. मग तिनं चहा केला."

बाईंनी बशीतली एक चकली उचलली.

"मूर्ती तौफिकलाच दिली," ऋतुपर्ण म्हणाला. "मोजे-बिजे गुंडाळून बॅगेत ठेवणार आहे."

"आणि त्याची सावली?"

"तुम्हाला आठवते?" त्याचा चेहरा उजळला. "मी म्हणालो, आता ड्रॅगन मेला, बेडकांचा राजा खूश होऊन सावली परत देतोय, घे. तर घेईना! म्हणाला, राहू दे इकडेच. पुढच्या दिवाळीला येतो, तेव्हा बेडकांना भेटून घेईन. उर्मी म्हणाली, मीही येणार, मला नवा वीर हवा, मेल्यावर बसून राहायचं का मी? आणि निघताना दोघं विचारतात, काय रे, पुढे काय आहे?"

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार? हसलो नुसता." त्यानं दोन्ही रिकामे हात बाईंपुढे धरले. "ड्रॅगन गेला, तलवार झाली, नदी झाली. बेडूक सोडले तर माझ्याकडे काहीसुद्धा उरलं नाही, बाई. सुरुवात तरी कुठून करू?"

बाईंनी कोपऱ्याकडे बघितलं. तिथं सकाळच्या किल्ल्याच्या मातीचा ढीग होता. त्यात पुठ्ठ्याचा पडदा खोचलेला होता. शेजारी रिकामी बादली होती.

त्यांनी पायानं बादली त्याच्याकडे सरकवली.

"माती भिजत घाल."